तू डॉक्टरांच्या घरची काडी

खुळखुळ थांबली आणि वेळूच्या पेल्यातून एक काडी सरकून फरशीवर पडली. शोभाबाईंनी डोळे उघडले नाहीत. गुडघ्यांवर बसल्या बसल्याच त्यांनी मला विचारलं, "पडली?"

"पडली."

"एकच ना?"

"एकच."

मग त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, झालं. पण त्यांनी देवापुढचे दोन लाकडी तुकडे उचलले. चंद्रकोरीच्या आकाराचे, एक अंग सपाट, एक फुगीर. ते ओंजळीत धरून कपाळाला लावले आणि खाली टाकले. एक उताणा पडला, एक पालथा.

"हो म्हणतो," त्या म्हणाल्या. "दोन्ही सारखे पडले असते, तर काडी परत काढावी लागली असती."

आमच्याकडं देवाला कौल लावतात, तसलाच हा प्रकार. देव मात्र मी कधी न पाहिलेला. तांबडालाल चेहरा, पोटापर्यंत दाढी, हातात मोठं पातं लावलेली काठी. त्याचं नाव कुआन-कुंग. शोभाबाईंनी मला एकदा सांगितलं होतं, हा मित्राला न सोडणाऱ्यांचा देव. चीनमधून येताना डॉक्टरांच्या वडिलांनी त्याचं चित्र पेटीच्या तळाशी घालून आणलं होतं, आणि काड्यांचा पेलाही.

हे सोलापुरातलं, बासष्ट सालचं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि सरहद्दीवर चीनशी लढाई जुंपली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दातांचे एक डॉक्टर होते, त्यांचं आडनाव तू. अशा मोठ्या माणसाला 'तू डॉक्टर' म्हणायचं लोकांच्या जिवावर यायचं, म्हणून कुणी दातवाले डॉक्टर म्हणायचं, कुणी नुसतंच साहेब. बायकोचं खरं नाव शू-फान. गल्लीनं त्याचं शोभा केलं आणि त्यांनीही ते आनंदानं घेतलं. त्या कलकत्त्यात जन्मलेल्या, लग्न होऊन सोलापुरात आल्या. मी त्यांच्याकडं शिवणाचं मशीन शिकायला जायची. तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि सासरी मोकळेपणानं बोलावं असं घर मला तेवढं एकच होतं.

लढाई सुरू झाली आणि त्यांच्या दारातली रांग आटली. आधी बाया-पोरं यायची थांबली, मग कंपाउंडर यायचा थांबला. एका सकाळी पाटीवर कुणीतरी डांबर फासलेलं दिसलं. पोलीस ठाण्यात दर सोमवारी हजेरी लावायचा हुकूम आला. गाव सोडायचं तर परवानगी काढायची. ज्यांच्या तोंडात डॉक्टरांनी स्वतः बसवलेले दात होते, ती माणसं रस्ता ओलांडून पलीकडनं जायला लागली.

जायचं कलकत्त्याला शोभाबाईंच्या भावाकडं, का इथंच राहायचं, हा प्रश्न होता. त्यासाठी त्या दुपारी काडी काढली.

काडीवर आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याचा श्लोक एका जुन्या पातळ पोथीत. शोभाबाई चिनी बोलायच्या, पण ती अक्षरं त्यांना वाचता यायची नाहीत. डॉक्टर दवाखान्यातनं आत आले, चष्मा पुसला, पान काढलं. 

"मराठीत सांगा," शोभाबाई म्हणाल्या. "मालनला पण कळू दे."

डॉक्टरांचं मराठी पेशंटांच्या तोंडून शिकलेलं. 'दुखतंय का' आणि 'आ करा' हे अगदी सोलापुरी यायचं, बाकीचं जपून एकेक शब्द ठेवत.

"तळं आहे," ते म्हणाले. "तळ्यात नाव. वारा नाही. नावेतले लोक उतरले, पोहत गेले. एकच माणूस राहिला, वल्हं मारणारा. त्याला सोडू नको."

"म्हणजे राहायचं," शोभाबाई लगेच म्हणाल्या.

"म्हणजे जायचं," डॉक्टर म्हणाले.

मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "तो वल्हं मारणारा म्हणजे कोण, मालन? तुझा सासरा. निवृत्ती मास्तर. सगळे गेले, तो रोज येतो. इथं बसतो, चहा पितो, बाहेरच्या लोकांना दिसेल असा बसतो. उद्या दगड आला तर त्याच्या डोक्यात पडेल. त्याला सोडू नको म्हणजे त्याला बुडवू नको."

"असं नाही लिहिलं," शोभाबाई म्हणाल्या.

"असंच लिहिलं आहे." त्यांनी पोथी मिटली. "उद्या दुपारी ठाण्यात जातो, परवानगी मागतो. मालन, मास्तरला सांगू नकोस."

मी मान हलवली.

माझे सासरे निवृत्ती सकट हे बँडमास्तर. त्यांचं क्लॅरोनेट ऐकायला लोक दुसऱ्याच्या वरातीमागनं चालत जायचे. मी त्यांना मामा म्हणायची. घरात सासूबाई नव्हत्या. मामा, माझे मालक भानुदास आणि मी. भानुदास बँडात साइड ड्रम वाजवायचे. मामा बोलायला थोडे आणि राहायला मोठे टापटिपीचे. बुटाला पॉलिश, मिशीला तेल, कोटाची बटणं राखेनं घासलेली.

आणि त्यांना कवळी होती. ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती, पण कवळीविना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. मी सून म्हणून घरात आले, तरी नाही. ते पडद्याआड ती काढायचे, पडद्याआड धुवायचे आणि तोंड भरूनच बाहेर यायचे. चाळिशीतच पायरियानं त्यांचे सगळे दात गेले होते. दात गेले तशी फुंक गेली. धाकट्या भावानं मास्तरकी घेतली आणि मामांच्या हातात खुळखुळे दिले. ज्या माणसाच्या नावानं बँड चालायचा, तो शेवटच्या ओळीत खुळखुळे हलवत चालायचा. दोन लगीनसराया अशा गेल्या. मग तू डॉक्टरांनी कवळी केली.

नुसती करून दिली नाही. डॉक्टरांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण मामा क्लॅरोनेट घेऊन संध्याकाळी दवाखान्यात बसायचे, वाजवायचे, डॉक्टर ऐकायचे. सूर फाटला की कवळी काढून घ्यायचे, घासायचे, परत बसवायचे. सगळा पावसाळा हेच चाललं होतं. शेवटी एका संध्याकाळी डॉक्टरांनीच हात वर केला आणि म्हणाले, "आता बरोबर." मामा सांगायचे, तो सूर खरंच बरोबर होता. मास्तरकी परत त्यांच्याकडं आली.

दुसऱ्या दिवशी सैनिकांसाठी निधी गोळा करायची मिरवणूक होती. पुढं आमचा बँड, मागं सारं शहर. सकाळी मामा ओट्यावर बसून क्लॅरोनेटची पत्ती ओठांत धरून भिजवत होते. मी चहा नेला. कप ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

"काय गं?" ते पत्ती न काढताच म्हणाले.

कालपासून ते माझ्या पोटात मावत नव्हतं. मी सांगून टाकलं. काडी, नाव, तळं, डॉक्टर जायला निघालेत, सगळं.

मामांनी पत्ती तोंडातनं काढली. "वल्हं मारणारा कोण म्हणाले?"

"तुमीच, म्हणाले."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणून. त्यांनी पत्ती पुन्हा ओठांत धरली. ती तशीच ठेवून म्हणाले, "तू जा त्यांच्याकडं. सामान बांधाय लागली असंल बाई, हात लाव. आज त्यांना एकटं ठेवू नगं."

मी गेले. शोभाबाई खरंच पेटी भरत होत्या. मशीन मला द्यायचं म्हणून एका बाजूला काढून ठेवलं होतं. डॉक्टर पांढरा कोट घालून रिकाम्या दवाखान्यात बसले होते. कुणी येणार नव्हतं, तरी कोट घालून.

दुपारी लांबून बँड ऐकू आला. जवळ येत येत आमच्या रस्त्याला वळला. घोषणा ऐकू यायला लागल्या. डॉक्टरांनी उठून दार लावलं, फळी आडवी घातली. आम्ही तिघं खिडकीच्या फटीशी उभे राहिलो.

बँड पुढं निघून जाईल अशी माझी आशा होती. पण मागच्या गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "चिन्याचं दुकान हेच." मग दहा तोंडांनी तेच. माणसं बँडला वळसा घालून पायऱ्यांशी आली. एक दगड दारावर आपटला. दुसरा दाराबाहेरच्या काचेच्या कपाटावर. त्यात डॉक्टर प्लॅस्टरचे दात मांडून ठेवायचे, ते खाली सांडले. शोभाबाईंनी माझा दंड धरला. त्यांची नखं रुतली.

आणि बँड थांबला.

फटीतनं मला लाल कोट दिसला. मामा ओळ सोडून चालत आले, अगदी सावकाश, मिरवणुकीतच चालल्यासारखे, आणि पायऱ्या चढून दाराला पाठ लावून उभे राहिले. भानुदास ड्रम गळ्यात तसाच घेऊन मागं धावले. मामांनी क्लॅरोनेट त्यांच्या हातात दिलं.

"मास्तर, बाजूला व्हा," पुढं एक तरणा गडी होता, हातात निम्म्या विटेएवढा दगड. "तुमच्याशी आमचं वाकडं न्हाई."

मामांनी कोटाच्या खिशातनं रुमाल काढला. तोंडाशी नेला. आणि कवळी काढून हातावर घेतली.

त्यांचा चेहरा असा बसला, की मला क्षणभर ओळखू आला नाही. गाल आत गेले, हनुवटी नाकाला टेकायला आली. मिशी कुठंच्या कुठं. सगळ्या शहरादेखत ते तसे उभे राहिले, हात पुढं करून, हातावर कवळी. ते काहीतरी बोलले. शब्द नुसते हवेचे निघाले. पुढची दोन पोरं हसली.

ते परत बोलले. कुणाला कळलं नाही.

मला कळलं; ओठांत पत्ती धरून ते बोलायचे, ते मी रोज ऐकायची. मी आडवी फळी काढली. डॉक्टर "मालन, नको" म्हणाले, ते मी ऐकलं नाही. बाहेर आले. पाचपन्नास पुरुषांपुढं बोलायचं सोडा, भानुदासांशी सुद्धा मी चारचौघांत मान वर करून बोलले नव्हते. पदर डोक्यावर ओढला आणि म्हटलं, "मामा म्हणत्यात, हे बी चिन्याचंच हाय. आधी हे फोडा. मग दुकान."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं बोलले. मी त्यांच्यामागं सांगत गेले.

"मामा म्हणत्यात, तुमच्या घरची लग्नं मी ह्याच दातांनी वाजवली."

त्यांनी दगडवाल्याकडं बोट केलं.

"मामा म्हणत्यात, तुझं बी. गेल्या वैशाखात."

तो गडी खाली बघायला लागला. त्याच्या मागची माणसं त्याच्याकडं बघायला लागली. दगड टाकावा तर लाज, मारावा तर त्याहून लाज. शेवटी त्यानं तो एवढा मोठा दगड पायजम्याच्या खिशात घालायचा प्रयत्न केला. खिसा लोंबला, दगड मावेना. कुणीतरी हसलं, पण आता ते मामांना हसलं नव्हतं.

मिरवणुकीच्या पुढाऱ्यांना उशीर होत होता. चौकात पाहुणे थांबले होते. एक जण पुढं येऊन हात जोडून म्हणाला, "मास्तर, झालं ते झालं. चला, वाजवा."

मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी वळून कवळी दाराकडं धरली.

मग डॉक्टर बाहेर आले. पांढरा कोट, गळ्याचं बटण लावलेलं. त्यांनी कुणाकडंही बघितलं नाही. मामांच्या हातातली कवळी घेतली आणि आत गेले. आत नळाचा आवाज ऐकू आला. एवढी गर्दी, पण पाणी पडलेलं ऐकू येत होतं. परत आले, ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "आ करा."

मामांनी आ केला. डॉक्टरांनी कवळी बसवली, अंगठ्यानं वर दाबली, खालनं हनुवटी उचलली.

"दुखतंय का?"

"न्हाई," मामा म्हणाले. आता स्पष्ट म्हणाले.

भानुदासांकडनं क्लॅरोनेट घेऊन ते पायऱ्या उतरले, आपल्या जागेवर गेले आणि गाणं जिथं तोडलं होतं तिथनंच पुढं उचललं. बँड चालू लागला. मिरवणूक त्याच्यामागं गेली. मी दारात उभी राहिले ती मिरवणूक दिसेनाशी होईपर्यंत. शोभाबाईंनी मला आत नेऊन बसवलं आणि पेटीतले कपडे एकेक काढून परत कपाटात ठेवायला लागल्या. डॉक्टर फुटक्या काचांतनं प्लॅस्टरचे दात वेचत होते. ठाण्यात जायचा विषय त्यांनी काढलाही नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. मामा येऊन शेजारी बसले. असे ते कधी बसायचे नाहीत.

"डॉक्टरांनी काडीचा अर्थ चुकीचा लावला," ते म्हणाले.

"मग काय अर्थ?"

"काडी पडली त्यांच्या घरात, पण निरोप मला हुता. नाव माझी अडकली हुती, पोरी. घरची, बँडची, सगळी उतरून गेली. वल्हं त्यांच्या हातात हुतं. त्याला सोडू नगं असं मला सांगितलंय."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"दात हालाय लागले तवा मी त्यांच्याआधी दोन डॉक्टर केले," मामा सांगू लागले. "एकानं खिडकीतनंच बघितलं. दुसरा म्हणाला, लांबनंच तोंड उघड. औषधाची पुडी उंबऱ्यावर ठिवली आणि उचल म्हणाला. मग मी ह्यांच्याकडं गेलो. ह्यांनी हात धुतलं, दोन बोटं माझ्या तोंडात घातली आणि एकेक दात हालवून बघाय लागले. माझ्या उभ्या जन्मात घरच्याबिगर कुणी मला असा हात लावला नव्हता. मी त्यांचा हात बाजूला केला. म्हटलं, डॉक्टर, मी मांगाचा हाय. तर म्हणाले, कुठला दात दुखतो ते सांगा."

"त्यांना शब्द कळला नसंल," मी म्हटलं. "नवीन असतील तवा."

"मलाबी तसंच वाटलं. म्हणून परत सांगितलं, फोड करून. ते म्हणाले, कळलं. आता बोलू नका, बोट चावलं जातंय."

मामा हसले. तोंडावर हात न धरता हसले. मग उठून आत गेले.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. त्या वर्षी बँडच्या बऱ्याच सुपाऱ्या मोडल्या. धाकट्या भावानं आपली माणसं घेऊन वेगळा बँड काढला. भानुदास कधी कधी चिडून म्हणायचे, एवढी काय गरज होती. मामा क्लॅरोनेट पुसत बसायचे. दवाखान्यात माणसं परत आली, पण हळूहळू, आधी लांबच्या खेड्यांतली, मग गावातली. मशीन शोभाबाईंकडंच राहिलं आणि मी शेजारी बसून कोटाची कॉलर शिवायला शिकले.

सोमवारची हजेरी मात्र चालूच राहिली. मिरवणुकीनंतरच्या पहिल्याच सोमवारी मामा बँडचा लाल कोट घालून डॉक्टरांच्या दारात उभे राहिले. खांद्यावर जरीची झालर, छातीवर पितळी बटणं. ठाण्याच्या दारावरच्या शिपायाला वाटलं, कुणी मोठा अधिकारी आला, त्यानं सलाम ठोकला. आतल्या साहेबानं विचारलं, "हे डॉक्टर कळले. तुम्ही कोण?"

"मी सोबत आलोय," मामा म्हणाले.

"सोबत कशाला?"

"त्यांना यायचं असतं म्हणून."

साहेब भला माणूस होता. त्यानं दुसरी खुर्ची मागवली. त्यानंतर एकही सोमवार मामांनी चुकवला नाही. लग्नाची सुपारी असली तरी सकाळी आधी ठाणं, मग वरात. दोघं सावलीच्या बाजूनं चालत जायचे, फारसं बोलायचे नाहीत, परतताना शेंगा घेऊन खात यायचे. माझी दोन मुलं झाली, ती चालायला लागली, तरी दोघांचे सोमवार चालूच. मग एकदा साहेबानं, तोवर तो दुसराच कुणी आला होता, सांगितलं की हुकूम उठला, आता यायचं कारण नाही. डॉक्टरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शोभाबाईंनी कुआन-कुंगापुढं उदबत्त्या लावल्या आणि गल्लीत सगळ्यांना साखर वाटली.

पुढच्या सोमवारी सकाळी मी दारात सडा घालत होते. समोरनं डॉक्टर आले, छत्री काखेत, आणि आमच्या पायरीशी थांबले. आतनं मामा बुटाची नाडी बांधत बाहेर आले. लाल कोट नव्हता, साधा सदरा होता.

"आता कुठं निघालात?" मी विचारलं. "हजेरी तर संपली."

डॉक्टरांनी मामांकडं बघितलं.

"अगं, सोमवार हाय," मामा म्हणाले, आणि दोघं सावलीच्या बाजूनं चालायला लागले.